खाली कधी घ्यायचं

माझी नात नर्सिंगच्या कॉलेजात आहे. सुट्टीला आली की पुस्तकातलं काहीबाही सांगत बसते. मागच्या खेपेला म्हणाली, "आजोबा, बाहेरच्या देशात आता म्हाताऱ्यांच्या घरात नर्सलाच तपासायचा आणि औषध लिहून द्यायचा हक्क मिळालाय. डॉक्टरची वाट बघायला नको. केवढी मोठी गोष्ट आहे."

म्या म्हणलं, "मोठी कसली डोंबलाची. तुझी आजी हेच भोरात घोड्याच्या पागेत करत होती. तिला हक्क कुणी दिला नव्हता, शिव्या दिल्या होत्या."

ती म्हणाली, मग लिहून काढा. मी चौथी शिकलेला माणूस, मला लिहायचं वळण नाही. पण म्हातारी गेल्यापासून घरात भांडायला कुणी उरलं नाही, म्हणून कागदाशी भांडतो.

गोष्ट सत्तरच्या आगंमागंची. भोरच्या बाहेर, नदीच्या अंगाला, संस्थानच्या वेळची पागा होती. संस्थान गेलं, घोडी गेली, पागा मोकळी पडली. तिथं गावातल्या चार शहाण्या माणसांनी मंडळ काढलं आणि निराधार म्हाताऱ्यांचं घर सुरू केलं. निराधार म्हणजे काय, तर निम्म्यांना घरदार, शेत, पुतणे, सुना सगळं होतं. फक्त त्यांना बघायला कुणाला सवड नव्हती. भिंतीत घोडी बांधायच्या लोखंडी कड्या होत्या तशाच राहिल्या. आमची ही त्यांना सलाईनची बाटली अडकवायची. पागेचा एवढाच काय तो उपयोग.

हिला तिथं नर्स म्हणून घेतलं आणि मागच्या दोन खोल्या राहायला दिल्या. मला ठेवलं उचलायला. हुद्दा शिपायाचा, पण काम उचलायचं. म्हातारा उचलून न्हाणीत न्यायचा, न्हाणीतून उचलून खाटेवर ठेवायचा. माझ्या गावात, भोंगवलीत, लोक खिदळायचे. "नर्सबाईचा नवरा काय करतो? तर म्हाताऱ्या उचलतो." हसणाऱ्यांतल्या दोघांच्या आया पुढं मीच उचलल्या.

आम्ही बौद्ध. पागेतल्या बहुतेक म्हाताऱ्यांना हिच्या हातचं पाणी चालत नव्हतं. सुई चालत होती. सुई कमरेत टोचायची असते, ती काय तोंडात जाते होय. पाणी द्यायला वेल्ह्याकडची एक मराठ्याची बाई होती, तीच स्वैपाक करायची. मला ह्या गोष्टीची चीड यायची. हिला यायची नाही, आणि त्याची मला आणखी चीड यायची.

डॉक्टर गुरुवारी यायचे. माणूस वाईट नव्हता, पण वरंध्याच्या घाटापर्यंतचा सगळा डोंगर त्यांच्या एकट्याच्या गळ्यात. पहिल्या काही महिन्यांतच त्यांनी आपली छाती तपासायची जुनी नळी हिच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "बाई, मी आठवड्यातनं एकदा बघतो, तुम्ही रोज बघता. गोळी वाढवायची का कमी करायची ते तुम्हीच ठरवा. मी सही करीन." तेव्हापासून तसंच चाललं. छातीतला कफ, पायाची सूज, तुंबलेली लघवी, सगळं ही बघायची, औषध द्यायची आणि गुरुवारी डॉक्टरांना सांगायची. ते चहा प्यायचे आणि सही करायचे.

खरी भानगड औषधाची नव्हतीच. खाटांची होती.

पुण्याच्या एका शेटनं लोखंडी खाटा दिल्या होत्या. प्रत्येक खाटेच्या उशाशी हिरव्या रंगात त्याचं नाव रंगवलेलं. निजणाऱ्याचं नाव कुठं नव्हतं. आता ही डोंगरातली माणसं. जन्मात खाटेवर निजली नव्हती. आणि ह्यांच्यात माणूस खाटेवर मरू देत नाहीत. जीव जायची वेळ आली की त्याला उचलून भुईवर घ्यायचं, सारवलेल्या जागेवर, तोंडात पाणी आणि तुळशीचं पान घालायचं. खाटेवर गेला तर तो ना भुईचा ना आभाळाचा, मधेच लोंबकळत राहतो म्हणतात. शेटला ह्यातलं काय ठावं. त्यानं चांगुलपणा केला आणि म्हाताऱ्यांची झोप उडवली. ती रात्री खाटेवरनं उतरायची आणि खाटेखाली निजायची. मंडळाचे चिटणीस बघायला आले की मी सगळ्यांना उचलून वर ठेवायचो. ते गेले की पुन्हा सगळी खाली.

पहिल्याच थंडीत एका म्हाताऱ्याला धाप लागली. स्वैपाकीण म्हणाली, "ह्याचं काय खरं न्हाई, खाली घ्या." मी घेतला. तिनं पाणी घातलं. म्हातारा ठसकला आणि उठून बसला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मेलो न्हाई रं अजून. मारायचंच आसंल तर खाली पोतं तरी टाका." फरशी बर्फासारखी होती. त्याची छाती भरली ती त्या फरशीनं. हिनं सुया टोचून टोचून त्याला वर काढला आणि मग आम्हा दोघांना फैलावर घेतलं.

"माणूस मरतोय का नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिसतंय की," स्वैपाकीण म्हणाली.

"काय दिसतंय? तीनदा दिसलं, तीनदा खोटं निघालं. इथून पुढं मी म्हणल्याशिवाय कुणालाही खाली घ्यायचं नाही."

झालं. आता पागेत असा समज पसरला की नर्सबाईनं खाली घ्या म्हणलं की माणूस संपला. ती औषध काय देते, कुणाला किती देते, ह्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तिच्या तोंडातनं ते दोन शब्द कधी निघतात, तेवढंच सगळे ऐकत असायचे.

एकदा खाटांना ढेकूण झाले. ऊन चांगलं होतं. ही आत आली आणि दारातूनच मला म्हणाली, "आवं, हिर्डोशीच्या आजींना खाली घ्या." मी उचलून भुईवर ठेवली. हिर्डोशीची आजी म्हणजे पागेतली सगळ्यात तोंडाळ म्हातारी, पण त्या दिवशी अक्षर बोलली नाही. सरळ पडली, हात छातीवर घेतले, डोळे मिटले. शेजारच्या दोघींनी गळा काढला. एक म्हातारा उगाचच राम राम म्हणायला लागला. स्वैपाकीण चुलीवरचं टाकून तुळस खुडायला पळाली.

ही गादी खांद्यावर घेऊन मधेच थांबली. "काय झालं? आजी, डोळे उघडा. ढेकणं मारायचीत, तुम्हाला नाही."

आजीनं एक डोळा उघडला. "मंग आदी सांगावं की गं, रांडंचे. म्या समद्यांला माफ करून बसले." आणि शेजारणीकडं बघून म्हणाली, "तुला न्हाई केलं गं. तू रडू नगंस."

ही आजी पुढं गोष्टीत आहे. तिला मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या होता, त्यानंच आणून टाकली होती. बाजाराला भोरात आला की एसटीची वेळ होईपर्यंत पागेत डोकवायचा, फडक्यात सुकट बांधून आणायचा आणि जाताना न चुकता हिला बजावायचा, "बाय, आत्तीला खाटंवर जाऊ दिऊ नगा. गावात तोंड दावायला जागा ऱ्हायची न्हाई." जिवंत आत्तीला घरात जागा नव्हती, तेव्हा ह्याला तोंड दाखवायला कसं जमत होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

आजीचं हृदय थकलं होतं. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा. हिनं मीठ बंद केलं, अळणी आंबील चालू केली, लघवीची गोळी दिली. तरी सूज हटेना. हिला कोडं पडलं. एक दिवस उशी झटकली तर खाली सुकटीची गाठोडी. आजी म्हणाली, "मिठावाचून मरायचं तर सुकटीनं मरती. तेवढंच त्वांडाला बरं." हिनं सुकट माझ्याकडं दिली. म्हणाली, पाण्यातनं चार वेळा धुवा, भाजा आणि रोज चिमूटभर द्या. मला वाटलं फेकून देईल. पण ती असली होती. सूज उतरली.

पण सूज उतरली तरी आडवं निजलं की आजीचा जीव गुदमरायचा. खाटेखाली निजणं बंद झालं. हिनं खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या, पाठीला वळकटी दिली, तेव्हा आजीला दम घेता यायला लागला. आता बघा पेच. तिच्या छातीला खाट पाहिजे, आणि तिच्या मनाला भुई. लवकर खाली घेतली तर गुदमरून तडफडून मरणार. उशीर केला तर खाटेवर जाणार. मधला जो क्षण आहे तो कुणी ओळखायचा?

आजीनंच एकदा हिला विचारलं. मी तिथंच पाय चेपत होतो.

"बाय, तू म्हणतीस म्हणून वर निजते. इटा लावल्यापास्नं बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू. पर मला वर जाऊ देशील का काय?"

"नाही देणार."

"तुला कळंल?"

"कळेल."

"समद्यांलाच वाटतं कळतंय. ह्या मुडद्यानं त्या म्हाताऱ्याला तीनदा मारला." मुडदा म्हणजे मी.

"मी इथंच असेन, आजी. हात धरून असेन."

"आन् न्हाई कळलं तर?"

"तर भूत होऊन माझ्या मानगुटीवर बसा."

आजीनं जरा विचार केला. "तुज्या न्हाई बसणार. त्या छत्रीवाल्याच्या बसंन."

छत्रीवाला म्हणजे आमचे चिटणीस. कोर्टात कारकुनी करून रिटायर झालेले, उन्हाळ्यातही काखेत छत्री. त्यांना पुण्याच्या कुणी पाहुण्यानं विचारलं की खाटा असून तुमचे म्हातारे जमिनीवर कसे. ते लागलं त्यांना. आले आणि हुकूम सोडला, "यापुढे कोणालाही जमिनीवर घ्यायचं नाही. दिलेल्या वस्तूचा अपमान होतो. कोण शेवटच्या अवस्थेत आहे ते डॉक्टर ठरवतील."

ही म्हणाली, "डॉक्टर गुरुवारी येतात."

"मग गुरुवारी ठरवतील."

"आणि बुधवारी कुणाची वेळ आली तर?"

"बाई, तुम्ही नर्स आहात. नर्सनं नर्सचं काम करावं. नाहीतर खोल्या रिकाम्या करा, दुसऱ्या मिळतात."

त्या खोल्यांत आमचं पोरगं रांगत होतं. मी बोलणार होतो, हिनं डोळे वटारले.

आणि मग तो खाटावाला शेट स्वतः यायचा ठरला. पागेला आंब्याच्या पानांचं तोरण, म्हाताऱ्यांना धुतलेली धोतरं आणि लुगडी, फोटो काढणारा सांगून ठेवलेला. बाजाराचा दिवस होता, म्हणून पुतण्याही हजर. गुरुवार नव्हता.

सकाळीच आजीचं बिघडलं. ओठ निळे पडले, दम लागला. हिनं सुई दिली, विटा आणखी चढवल्या, पाठ उंच केली. स्वैपाकिणीनं कोपऱ्यातली जागा शेणानं सारवून ठेवली आणि येऊन म्हणाली, "बाई, घ्यायचं का खाली?"

"नाही. आता आडवी केली तर गुदमरेल."

पुतण्या दारात उभा. "बाय, उशीर करू नगा. म्या सांगून ठेवलं व्हतं."

"उशीर होत नाही."

"आवं, पर माणसं काय म्हणत्याल?"

"तुम्ही जाऊन बाजार करा," ही म्हणाली.

तिकडं व्हरांड्यात चिटणीस घिरट्या घालत होते. खिडकीतून बघून मला खुणावलं, काही झालं तरी वरच ठेव. एक म्हणतोय आत्ता घ्या, दुसरा म्हणतोय घेऊच नका. आजीला बघतंय कोण, तर एकटी ही. स्टुलावर बसून मनगट धरलेलं, नजर आजीच्या गळ्याच्या खळीवर. दुपार कलली. शेटची मोटार आली. बाहेर हारांची गडबड, खुर्च्या सरकवल्याचा आवाज. आत आजीचा श्वास ओढून ओढून येत होता आणि मधे थांबत होता.

मग एकदम ही माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "आवं, घ्या."

"आता? मघा तर..."

"मघा ती दमासाठी झगडत होती. आता झगडणं सोडलंय. घ्या."

मला काही फरक दिसला नाही. आजही शपथेवर सांगतो, दिसला नव्हता. मी आजीला उचललं. त्याच वेळी चिटणीस शेटना घेऊन दारात. शेटच्या गळ्यात हार, मागं फोटोवाला.

चिटणीस दात आवळून म्हणाले, "बाई, पाहुणे जाऊ द्यात."

"तिला सांगा थांबायला. तुमचं ऐकत असेल तर."

आणि मी आजीला ठेवणार, तेवढ्यात ही स्वतः त्या सारवलेल्या जागेवर भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली. "माझ्या अंगावर टेकवा." आजीची पाठ हिच्या छातीवर, डोकं हिच्या खांद्याला. खाली भुई, आणि पाठीला उंच आधार. विटांचं काम हिनं आपल्या अंगानं केलं. आजीचा दम मोकळा झाला. तिनं हात खाली टाकला आणि तळव्यानं जमीन चाचपली. सारवणाचा वास आला असेल.

"आली का भुई?"

"आली, आजी."

"मंग बरं."

स्वैपाकिणीनं पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं. पुतण्यानं नको तेवढा मोठा हंबरडा फोडला. आजी त्याच्या आधीच गेली होती, पण हे फक्त हिला कळलं होतं. शेटनं रुमाल नाकाला लावला आणि त्याचं नाव रंगवलेल्या रिकाम्या खाटेकडं बघत राहिला. फोटो निघाला नाही.

त्या संध्याकाळी भाकरी खाताना मी म्हणलं, "तुझ्या छातीवर टेकून मेली, पण तुझ्या हातचं पाणी नाही पिली."

"मग?"

"मग काय? तुला काहीच वाटत नाही?"

"पाणी कुणाचं प्यायचं ते तिनं ठरवलं. खाली कधी घ्यायचं ते मी ठरवलं. तुम्ही भाकरी खा."

तिला असलं बोलायला जमायचं. मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी सांगितलं की महिना संपला की खोल्या सोडा. हे पागेत कळलं. आता कुणाला वाटेल की म्हाताऱ्यांनी हिच्यासाठी टाहो फोडला. कुणी एक शब्द बोललं नाही. सकाळी बघतो तर सगळी खाटेवरनं उतरून फरशीवर ओळीनं पडलेली. मी उचलून वर ठेवायला लागलो, तर एक म्हातारी मनगटाला चावली. तो तीनदा मेलेला म्हातारा म्हणाला, "बाई चालली. मंग आमाला येळेला खाली कोण घेणार, तू? त्यापरीस आत्तापास्नंच खाली बरं."

हे उपकार फेडणं नव्हतं. ज्याला त्याला आपल्या मरणाची पडली होती. पण गुरुवारी डॉक्टर आले तोवर निम्मी पागा खोकत होती. डॉक्टरांनी पहिल्यांदा चहा नाकारला. चिटणिसांना म्हणाले, "हे सगळे छाती भरून मेले तर सही मी करायची आहे. बाईंना राहू द्या. आणि कुणाला खाली घ्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या, मला ह्यातलं काही कळत नाही." चिटणीस छत्री घेऊन निघून गेले. खोल्या सोडायचं कुणी पुन्हा बोललं नाही. कागदावर कुणी काही दिलंही नाही. म्हातारे खाटेवर चढले, विटा लागल्या, आणि पुढची कितीतरी वर्षं ज्याला त्याला वेळेला ही खाली घ्यायला सांगत राहिली. कधी चुकली असेलही. मी बघितलं नाही.

आणि स्वतः ती गेली पुण्यात, मोठ्या दवाखान्यात, चाकांच्या खाटेवर, दोन्ही बाजूला कठडे. चार नळ्या, पडद्यावर हिरवी रेघ. नर्सच्या पोरी यायच्या, त्या रेघेकडं बघायच्या, लिहायच्या, जायच्या. हिच्या तोंडाकडं बघायला कुणाला सांगितलेलंच नव्हतं. मी एकीला विचारलं, "पोरी, वेळ आली का ते तुला कळतं का?" ती म्हणाली, "बाबा, डॉक्टर राऊंडला येतील तेव्हा त्यांना विचारा." चांगली होती, चेहरा दमलेला होता. तिला बोलायची परवानगी नसेल. राऊंड झाला तेव्हा विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

आम्हा बौद्धांत ते भुईवर घेणं, पाणी घालणं काही नसतं. हिचाही त्यावर विश्वास नव्हता. एवढ्या माणसांसाठी ती ते करत होती ते त्यांच्या भीतीपायी. पण मला तिथं असं एक माणूस पाहिजे होतं की जे मनगट धरून बसेल आणि मला हळूच सांगेल, आता. एवढंच. एवढं मोठं इस्पितळ, आणि भोरच्या पागेत होतं ते तिथं नव्हतं.

आता पोरानं मला खाट आणलीय, जाड गादीची. मी खाली निजतो. गुडघे धरतात, उठता येत नाही, सून कुरकुरते. नात म्हणाली, "आजोबा, हट्ट सोडा. फरशीनं छाती भरेल."

तिच्या आजीचंच वाक्य. तिला माहीत नव्हतं.

म्या म्हणलं, "निजतो वर. पण तुला हक्क मिळू दे नाहीतर न मिळू दे, खाली कधी घ्यायचं ते तू सांगायचंस. रेघेकडं बघून न्हाई. माझ्याकडं बघून."

तिनं पुस्तक बाजूला ठेवलं, माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडं न बघता बसून राहिली. बोटं जरा चुकीच्या जागी होती. मी ती सरकवून नीट ठेवली आणि खाटेवर चढलो.